घाट्याचा सौदा

सहावीच्या वर्गाला 'साधी यंत्रे' हा पाठ आम्ही गेली काही वर्षं शिकवत आलो आहोत. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलांच्या घरात दखनी, बाजारात मराठी आणि पुस्तकात उर्दू. त्यामुळे एकाच वस्तूची ओळख तीन-तीन नावांनी करून द्यावी लागते. मराठीत जिला तरफ म्हणतात तिला उर्दूत बेरम म्हणतात. आणि मुलांच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणतील, "म्हणजे आमची पहारच की!" तिघांचंही बरोबर.

बी.एड.ला असताना सराव पाठासाठी आम्ही याच घटकाचं टाचण काढलं होतं. शैक्षणिक साहित्य म्हणून घरून कात्री, अम्मीचा अडकित्ता आणि चुलीजवळचा चिमटा नेला होता. टेकू मध्ये असला की तरफेचा पहिला प्रकार, जशी कात्री. भार मध्ये असला की दुसरा, जसा अडकित्ता. बल मध्ये लावलं की तिसरा, जसा चिमटा. निरीक्षकांनी वहीवर 'साहित्याचा वापर चांगला' असा शेरा दिला. आम्ही खूश झालो. पण खरं सांगायचं तर तो पाठ आम्हाला तेव्हा पाठ झाला होता, समजला नव्हता. तो समजायला पुढे एका मुलीचा प्रश्न कारणी लागला.

त्या दिवशी आम्ही साहित्य नेलंच नाही. वर्गात शिरलो आणि म्हणालो, "आज कात्री नाही, अडकित्ता नाही. आज यंत्र तुम्हीच."

मुलं एकमेकांकडे बघून हसू लागली.

शेवटच्या बाकावर एक मुलगा डुलक्या घेत होता. दुपारचा तास, जेवण झालेलं. त्याची मान हळूहळू पुढे झुकायची आणि दचकून परत वर यायची. आम्ही म्हणालो, "बघा, तरफेचा पहिला प्रकार!" सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकलेलं असतं, तोच टेकू. डोक्याचा भार टेकूच्या किंचित पुढच्या बाजूला पडतो. मागून मानेचे स्नायू ते धरून ठेवतात. झोप लागली की स्नायू ढिले पडतात आणि डोकं पुढे पडतं. बसल्या बसल्या झोपणाऱ्याचं डोकं बहुतेक पुढेच का पडतं, याचं उत्तर मुलांना मिळालं. त्या मुलाची झोप अर्थातच उडाली होती.

मग एका बुटक्या मुलाला फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहायला सांगितलं. तो टाचा उचलून चवड्यांवर उभा राहिला. चवडा म्हणजे टेकू, मध्ये घोट्यावर सगळ्या अंगाचा भार आणि मागून पोटरीचा स्नायू टाचेला वर ओढतो. पुस्तकं दुसऱ्या प्रकारचं उदाहरण म्हणून हेच देतात.

तिसऱ्या प्रकारासाठी पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली घेतली. एकाला कोपर काटकोनात वाकवून ती तळहातावर धरायला लावली आणि फळ्यावर आकृती काढली. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू हाताच्या हाडाला कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर जोडलेला. बाटली मात्र तळहातावर, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर लांब. तरफेचा नियम सांगतो की बल गुणिले त्याचं टेकूपासूनचं अंतर बरोबर भार गुणिले भाराचं अंतर. १ गुणिले ३५ भागिले ४. उत्तर जवळजवळ ९. म्हणजे हातावर एक किलो धरायचं तर दंडातल्या स्नायूला नऊ किलोची ओढ द्यावी लागते. हाताचं स्वतःचं वजन वेगळंच!

एक मुलगा बसल्या जागेवरून ओरडला, "सर, ये तो घाटे का सौदा है!"

वर्ग खो-खो हसला. पोराचे वडील भाजीचा गाडा लावतात. सौदा त्याला बरोबर कळतो.

आम्ही म्हणालो, "शाबास! पण घाटा कशात झाला आणि फायदा कशात झाला, तेही बघ." दंडाचा स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात जवळजवळ नऊ सेंटिमीटर वर येतो. आखडतो थोडा, हलवतो पुष्कळ. म्हणून तर आपण चेंडू लांब फेकू शकतो, घास झटकन तोंडाशी नेऊ शकतो, डास बसला की मारू शकतो. शरीरातल्या बहुतेक तरफा याच तऱ्हेच्या आहेत. ताकद द्यायची आणि पल्ला घ्यायचा, वेग घ्यायचा. इटलीतल्या बोरेल्ली नावाच्या विद्वानाने हा हिशेब साडेतीनशे वर्षांपूर्वी मांडला. त्याचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापून आला. हातात जे वजन दिसतं त्याच्या कितीतरी पट ओढ आत स्नायूला सोसावी लागते, हे त्याने सांध्यासांध्यांची मापं घेऊन दाखवलं.

इथवर पाठ छान चालला होता. आता घरचा अभ्यास द्यायचा आणि घंटेची वाट बघायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी फारसं न बोलणारी. तिने विचारलं, "सर, अब्बू सिमेंटची बोरी उचलतात. पन्नास किलोची. त्यांच्या कमरेवर किती येत असेल?"

आम्ही खडू उचलला. उत्साहातच उचलला. मुलीने स्वतःहून गणित घातलं, शिक्षकाला आणखी काय हवं!

कमरेतल्या खालच्या मणक्यापाशी टेकू मानला. पाठ सावरणारा स्नायू तिथून मागे साधारण ५ सेंटिमीटरवर ओढतो. माणूस वाकून जमिनीवरची बोरी धरतो तेव्हा बोरी टेकूच्या ४० सेंटिमीटर पुढे असते. ५० गुणिले ४०, झाले २०००. शिवाय कमरेच्या वरचं त्याचं स्वतःचं अंगही पुढे झुकलेलं असतं. ते धरलं ३५ किलो आणि त्याचा मध्य २५ सेंटिमीटर पुढे. ३५ गुणिले २५, झाले ८७५. बेरीज २८७५. भागिले ५.

पाचशे पंचाहत्तर.

हा हिशेब ढोबळ आहे, हे आम्ही मुलांना सांगितलं. माणसागणिक मापं बदलतात, पोटातल्या दाबाचाही थोडा आधार मिळतो. पण आकडा दहाच्या घरातला नाही, शेकड्यांतला आहे, एवढं खरं. आणि स्नायूची ही सगळी ओढ शेवटी मणक्यांमधल्या गादीवरच येऊन पडते. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. नुसत्या उभ्या माणसापेक्षा वाकून ओझं धरणाऱ्याच्या गादीवरचा दाब कितीतरी जास्त भरला.

पण हे सांगत असताना वर्ग ऐकतच नव्हता. वर्ग त्या आकड्याकडे बघत होता. मघाशी हसणारी मुलं एकदम गप्प झाली होती. कुणाचे वडील गवंड्याच्या हाताखाली, कुणाचे गोदामात, कुणाची आई विहिरीवरून पाणी आणणारी. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापल्या घरी जाऊन आला असावा. ती मुलगी अजून उभीच होती. हळूच म्हणाली, "दिवसाला किती बोऱ्या, ते मला माहीत नाही सर. आज विचारते."

घंटा झाली. आम्ही फळा पुसायला गेलो आणि हात थांबला. त्या मुलीला निदान प्रश्न तरी सुचला होता. आम्हाला तोही सुचला नव्हता!

वाचकहो, आमचे अब्बा हमाल होते.

कृष्णाकाठचा आमचा भाग. हळदीचा, गुळाचा मोठा व्यापार. अब्बा मार्केट यार्डात. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांचा सदरा, मुंडासं, भुवया, सगळं पिवळं असायचं. अम्मी म्हणायची, "रोज हळद लागते, पण नवरदेव काही होत नाहीत!" अब्बा हसायचे आणि पाठ टेकायला भिंत शोधायचे. त्यांना कमरेशी उशी घेतल्याशिवाय बसलेलं आम्ही लहानपणापासून पाहिलंच नाही. मुलाला वाटतं, सगळ्यांचेच वडील असे बसतात.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले आम्ही पहिले. बी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा फीचा प्रश्न आला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा झाला. त्या कायद्यामुळे नोंदणी झालेल्या कामगाराच्या नावावर भविष्य निर्वाह निधी जमू लागला. अब्बांचा फंड होता तो त्या कायद्यामुळेच. त्यातून त्यांनी पैसे काढले आणि आमच्या हातात ठेवले. किती होते, तेवढं आम्ही मोजलं. कशाचे होते, ते मोजलं नाही.

त्याच वर्षी अब्बांची कंबर धरली. म्हणजे आधी दुखायची ती आता धरली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, पट्टा दिला. दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता. ओझं उचलण्याची चुकीची पद्धत आणि बरोबर पद्धत. चुकीच्या चित्रात माणूस कमरेतून वाकलेला, त्यावर लाल फुली. बरोबर चित्रात गुडघे वाकवलेले, पाठ ताठ, ओझं छातीशी. आम्ही नुकतेच तरफेचं टाचण काढलेले विद्वान! तक्ता बघताच सगळं लक्षात आलं. घरी येईपर्यंत दम निघाला नाही.

"अब्बा, तुमची उचलण्याची पद्धतच चुकीची होती. गुडघे वाकवायचे. ओझं अंगाशी धरायचं. अंतर कमी झालं की जोर कमी लागतो. हे शास्त्र आहे."

अब्बांनी ऐकून घेतलं. मग भिंतीला हात लावून सावकाश उठले. आम्ही म्हणालो, झोपा, उठू नका. त्यांनी लक्ष दिलं नाही. कोपऱ्यातली मोठी उशी उचलून खाटेवर ठेवली.

"ही बोरी समज," म्हणाले.

आणि त्यांनी आम्हाला शिकवायला सुरुवात केली. बोरी जमिनीवरून एकट्याने कधीच उचलायची नाही. दोघं दोन्ही कानांना धरून उचलून देणार, तिसरा पाठीवर घेणार. घेताना आधी गुडघे मोडायचे. बोरी खांद्यांच्या मध्ये, मानेला लागून बसली पाहिजे. लोंबली की मेलास. मग कमरेतून थोडं पुढे झुकायचं, इतकंच की ओझं सरळ पायांवर उतरेल. ताठ उभं राहिलं तर बोरी मागे ओढते, जास्त झुकलं तर कंबर तुटते. फळीवरून ट्रकात चढताना पावलं बारीक टाकायची. वळायचं तर कमरेतून नाही, पायातून. उशी पाठीवर घेऊन ते त्या दहा बाय दहाच्या खोलीत चार पावलं चाललेसुद्धा. कमरेला पट्टा, चेहऱ्यावर कळ आणि पाठीवर कापसाची उशी!

आम्ही हसलो. हसू नये ते हसलो.

त्यांनी उशी खाली ठेवली, बसले, दम घेतला आणि म्हणाले, "मेरेकू हिसाब नक्को सिखा बेटा. हिसाब मेरी पीठकू मालूम है. बोरी सौ की थी, मैं साठ का."

त्या वेळी हे वाक्य आमच्या कानावर पडलं. आत शिरलं नाही. आम्हाला वाटलं, बाप माणूस, चूक कबूल कशी करणार?

वर्गातल्या त्या आकड्यासमोर उभं राहिल्यावर ते आत शिरलं.

तरफेचं सगळं शास्त्र अब्बांना ठाऊक होतं. टेकू, भार, अंतर ही नावं ठाऊक नव्हती, इतकंच. ओझं जवळ आणलं की जोर कमी लागतो, हे त्यांनी पुस्तकाआधी पाठीने वाचलं होतं. तोच हिशेब आम्ही पुढे कागदावर करून पाहिला. पन्नास किलोची तीच बोरी ताठ उभं राहून पोटाशी घट्ट धरली तर ओढ सव्वादोनशे किलोच्या आसपास येते. निम्म्याहूनही कमी. पद्धतीने एवढा फरक पडतो, हे खरंच आहे. तो तक्ता खोटा नव्हता. पण तक्त्यातल्या माणसाच्या हातात एक छोटं खोकं होतं. त्याच्या पाठीवर त्याच्याच पावणेदोनपट वजनाचं पोतं नव्हतं आणि दिवसभर त्याला तेच पुनःपुन्हा करायचं नव्हतं. पद्धत कितीही बरोबर असली तरी शंभराचे साठ होत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की, प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंहून जास्त असेल तर ती लवकरात लवकर तिथवर खाली आणावी. अब्बांच्या पाठीला ती शिफारस कुणी कळवली नाही.

आणि आम्ही काय केलं? ज्याच्या पाठीने आमची फी भरली, त्यालाच सांगितलं की तुझी पद्धत चुकली! शिकलेल्या माणसाला हा रोग फार लवकर जडतो. कष्टकऱ्याच्या अंगात दुखणं दिसलं की आपण आधी त्याचं अज्ञान शोधतो. त्याच्यावरचं ओझं किती, हे विचारायला विसरतो.

तेव्हापासून आम्ही हा पाठ थोडा वेगळा शिकवतो. तराजू हीदेखील तरफच. बाराव्या शतकात मर्व शहरात अल-ख़ाज़िनी नावाचा विद्वान होऊन गेला. मूळचा गुलाम. त्याने ११२१ च्या सुमारास 'मीज़ान-उल-हिक्मा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. वजन, गुरुत्वमध्य, धातूंची पारख, सगळं त्यात आहे. पूर्वी आम्ही हे नाव फुशारकीने सांगायचो, बघा आपले लोक कुठे होते! आता फुशारकी नाही. आता मुलांना एवढंच विचारतो, "यार्डातल्या काट्यावर बोरीचं वजन दिसतं. बोरी उचलणाऱ्याच्या कमरेत जे वजन येतं ते कुठल्या काट्यावर दिसतं?" मुलं उत्तर देत नाहीत. देऊ नये, अशीच इच्छा असते. वहीत लिहून आणा म्हणतो.

घरचा अभ्यास असा असतो : घरातल्या कुठल्याही एका माणसाचं काम बघा. टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे, आकृती काढा. मुलांच्या वह्यांमधून मग मोहल्ला शाळेत येतो. कणीक मळणारी आई. हातगाडीचे दांडे दाबून धरणारे चाचा. कडेवर धाकटा भाऊ घेतलेली मोठी बहीण, कंबर एका बाजूला काढून. खाली लिहिलेलं, 'भार टेकूजवळ आणला.' कुणी शिकवलं होतं तिला? आणि त्या मुलीची वही. तिने अब्बूंना विचारलं होतं. आकृतीखाली आकडा होता, दिवसाच्या बोऱ्यांचा. तो इथे लिहीत नाही, तो तिच्या घरचा आहे. त्याखाली एक ओळ होती : 'अब्बू म्हणाले, हे तुला शाळेत शिकवतात? मग शाळा चांगली आहे.'

आमच्या कुठल्याही पाठाला एवढा मोठा शेरा मिळालेला नाही.

एक काम मात्र लगेच केलं. मुख्याध्यापकांना सांगून वर्गात वजनकाटा आणला आणि मुलांची दप्तरं मोजली. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. काही दप्तरं त्याहून जड निघाली. आम्ही वेळापत्रक बदलून काही वह्या शाळेतच ठेवायला लावल्या, आणि लोंबणारे पट्टे आवळून दप्तर पाठीला लागेल असं केलं. दोन्ही केलं, पण आधी ओझं आणि मग पद्धत. हा क्रम आम्ही आता विसरत नाही.

'घाटे का सौदा' म्हणणारा तो मुलगा बरोबर होता की चूक, याचा विचार अजून मनात येतो. स्नायू थोडासाच आखडतो, नऊपट ओढ सोसतो, आणि हात लांबवर पोचतो. अब्बांचं सगळं आयुष्य घर आणि यार्ड, यार्ड आणि घर एवढ्यात गेलं. पोचलो आम्ही. घाटा कुणाचा, फायदा कुणाचा, हे आम्हाला फळ्यावर मांडता येणार नाही.

माफी मागायची होती. ती सरळ शब्दांत मागणं जमलं नाही. बापलेकांत तशी रीत नसते. गेल्या रमज़ानआधीची गोष्ट. तीस किलोचं गव्हाचं पोतं रिक्षातून दारात उतरलं. अब्बा आत खुर्चीवर अस्रची नमाज पढून नुकतेच मोकळे झाले होते. जमिनीवर सजदा करणं त्यांना कित्येक वर्षांत जमलेलं नाही. आम्ही कॉलर मागे सारली आणि पोत्याला हात घातला. मग थांबलो आणि विचारलं, "अब्बा, कसं उचलू?"

त्यांनी आमच्याकडे जरा वेळ बघितलं. विचारतोय की थट्टा करतोय, हे बघत असावेत. मग खुर्चीतूनच म्हणाले, "पहले घुटने मोड़."

आम्ही गुडघे मोडले.

"अब छातीकू लगा के पकड़. और पास. हौ... अब उठ."

आम्ही उठलो.